टकीला, मिरची आणि संत्र्याचा रस : घरच्या घरी सांग्रिता आणि व्हॅम्पिरो

शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर उभी असायची ती गाडी आठवा. कैरीच्या फोडी, पेरू, बोरं आणि गोल डब्यात कालवून ठेवलेलं तिखट-मीठ. फोडी संपल्या की कागदाच्या पुडीच्या तळाशी थोडं लालसर, आंबट-खारट पाणी साचलेलं असायचं. खरी मजा त्या पाण्यात. पुडी भिजून फाटायच्या आत ती तोंडाला लावायची, नाहीतर शर्टावर डाग आणि घरी बोलणी.

मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यात टकीलासोबत जे लाल, तिखट पाणी पितात, त्याचा जन्मही असाच फळांच्या ताटलीच्या तळाशी झाला. त्याचं नाव सांग्रिता. तिच्यात टकीला, लिंबू आणि ग्रेपफ्रूटचा सोडा घातला की व्हॅम्पिरो तयार. गोड कॉकटेल ज्यांच्या घशाखाली उतरत नाही, मार्गारीटा एका घोटानंतर ज्यांना सरबतासारखी लागते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. घरी बार नसला तरी चालेल. मिक्सर, गाळणी आणि मापाचा पेला एवढं पुरतं.

एक गोंधळ आधीच मिटवू. सांग्रिता आणि सांग्रिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांग्रिया हे वाइनमध्ये फळांचे तुकडे घालून करतात ते स्पेनचं पेय. सांग्रितात वाइन नसते, दारूचा थेंबही नसतो. स्पॅनिशमध्ये 'सांग्रे' म्हणजे रक्त आणि 'सांग्रिता' हे त्याचं लाडकं, छोटं रूप. रंगावरून पडलेलं नाव आहे, घाबरायचं कारण नाही.

चापालाच्या काठावर

हालिस्कोची राजधानी ग्वादालाहारा. तिच्या वायव्येला साधारण ६० किलोमीटरवर टकीला नावाचं गाव, आणि दक्षिणेला चापाला हे मेक्सिकोतलं सगळ्यांत मोठं गोड्या पाण्याचं तळं. आपली गोष्ट या तळ्याकाठची.

मेक्सिकोत इतरत्र 'पिको दे गायो' मागितलं की कांदा-टोमॅटोची कोशिंबीर पुढ्यात येते. हालिस्कोत मात्र त्या नावाने फळांची ताटली मिळते : संत्र्याच्या फोडी, काकडी, हिकामा नावाचा पांढरा, पाणीदार, कच्चाच खायचा कंद, आणि वरून लिंबू, मीठ, लाल तिखट. १९२०-३०च्या दशकांत चापाला गावात सांचेस दांपत्याचं खाण्यापिण्याचं दुकान होतं. दुकानातल्या ग्वादालुपे नुन्यो या बाईंनी ताटलीत उरलेला तिखट-आंबट रस टकीलासोबत द्यायला सुरुवात केली, असं सांगतात. त्या काळची टकीला चांगलीच जहाल असायची, त्यामुळे घोटामागून जिभेला काहीतरी हवंच होतं. गिऱ्हाइकांना ते आवडलं, आणि पुढे 'विउदा दे सांचेस' म्हणजे 'सांचेसची विधवा' या नावाने सांग्रिता बाटलीतून विकली जाऊ लागली. आज जगभर मिळणारा चोलुला हा तिखट सॉससुद्धा चापालाचाच, आणि आधी तो वापरला जायचा सांग्रितात घालायला.

आता प्रश्न टकीला प्यायच्या पद्धतीचा. हातावर मीठ चाटायचं, डोळे मिटून एका दमात ग्लास रिकामा करायचा, लिंबू चावायचं आणि चेहरा वाकडा करायचा, हे आपण सिनेमातून शिकलो. हालिस्कोत बरी टकीला अशी कोणी संपवत नाही. उंच, निमुळत्या 'काबायितो' नावाच्या पेल्यात ती येते. काबायितो म्हणजे छोटा घोडा. शेजारी तसाच दुसरा पेला सांग्रिताचा. एक घोट याचा, एक घोट तिचा, मध्ये गप्पा. सोबत 'बोताना', म्हणजे आपला चकणा. तिखट, लिंबू आणि लसूण लावलेले शेंगदाणे हा तिथला अगदी नेहमीचा चकणा, हे वाचून कुणाही मराठी माणसाला परकं वाटू नये.

सांग्रितात टोमॅटो घालायचा की नाही, यावर भांडणं आहेत. हालिस्कोतली जुनी माणसं म्हणतात, संत्रं, आंबटपणा आणि मिरची, बस. लाल रंग मिरचीचा आणि डाळिंबाचा. हालिस्कोबाहेर आणि अमेरिकेत मात्र टोमॅटोचा रस सर्रास घालतात, कारण लाल दिसतंय म्हणजे टोमॅटो असणार, असं गृहीत धरलं गेलं. मी दोन्ही करून पाहिलं. टोमॅटो घातला की टकीलाचा वास दबतो आणि पेय सारासारखं लागायला लागतं. सार मला आवडतं, पण ते भातासोबत. त्यामुळे खालची कृती बिनटोमॅटोची आहे. ज्यांना टोमॅटो हवाच त्यांच्यासाठी पुढे जागा ठेवली आहे.

तळ्याच्या दक्षिण काठावर सान लुईस सोयात्लान नावाचं छोटं गाव आहे. तिथे रस्त्याकडेला व्हॅम्पिरो मिळतो आणि मिळतो तो चक्क प्लास्टिकच्या पिशवीत. बर्फ, टकीला, सांग्रिता, लिंबू, मीठ, ग्रेपफ्रूटचा सोडा हे सगळं पिशवीत ओतायचं, स्ट्रॉ खुपसायची, तोंड बांधून हातात द्यायचं. आपल्याकडे उसाचा रस पार्सल नेतात तसं. लाल रंगामुळे नाव व्हॅम्पिरो, म्हणजे रक्तपिपासू पिशाच. एक सावधगिरी : मेक्सिकोत रसवंतीवर 'व्हॅम्पिरो' मागितलात तर बीट, गाजर आणि संत्र्याचा पौष्टिक रस मिळेल. कुठे मागताय ते बघून मागा.

पहिली पायरी : बाटली निवडणं

लेबलवर '१०० टक्के अगावे' असं लिहिलेलं असलं तरच बाटली घ्या. नुसतंच 'टकीला' लिहिलं असेल, तर तिच्यातली ५१ टक्के साखर अगावेची आणि बाकीची उसाची वगैरे असू शकते. तिला मिक्स्तो म्हणतात. दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसलेल्यांच्या टेबलावर मला बहुतेक वेळा हीच बाटली दिसली आहे. अर्थात किती प्यायली हाही मुद्दा आहेच. 'गोल्ड' या शब्दाला भुलू नका. तो सोनेरी रंग पुष्कळदा पिंपात मुरल्याने आलेला नसतो, जळक्या साखरेने आणलेला असतो. खऱ्या बाटलीवर एनओएम ही अक्षरं आणि पुढे चार आकडे असतात. त्या आकड्यांवरून कोणत्या भट्टीत माल तयार झाला ते कळतं.

अगावे म्हणजे कुठलं अनोळखी झाड नव्हे. देशावर शेताच्या बांधाला, रेल्वेच्या कुंपणाला असते ती काटेरी, जाडजूड पानांची घायपात याच कुळातली. आपण तिच्या पानांतून वाख काढून दोर वळले, मेक्सिकोने गाभ्यातून दारू काढली. टकीलासाठी मात्र निळ्या अगावेची एकच जात चालते. ती तयार व्हायला साधारण ६ ते ८ वर्षं लागतात. घायपाताला आयुष्यात एकदाच उंच फुलोरा येतो आणि मग झाड मरतं, हे तुम्ही पाहिलं असेल. अगावेचा तो दांडा निघाला की छाटून टाकतात, म्हणजे साखर फुलाकडे न जाता गाभ्यात राहते. मग 'हिमादोर' लोक लांब दांड्याच्या, गोल पात्याच्या 'कोआ'ने पानं तासून काढतात. उरतो अननसासारखा दिसणारा गड्डा, म्हणून त्याचं नाव 'पिन्या', म्हणजे अननस. तो भट्टीत शिजवायचा, पिळायचा, रस आंबवायचा आणि दोनदा ऊर्ध्वपातन करायचं. १०० टक्के अगावेच्या एका लिटरला साधारण ७ किलो गड्डे लागतात. एवढी वर्षं आणि एवढा माल लागत असताना स्वस्त बाटलीत काय असणार, याचा अंदाज आपला आपण करावा.

टकीला हे नाव कायद्याने बांधलेलं आहे. १९७४ पासून ते हालिस्को आणि आणखी चार राज्यांतल्या ठरावीक भागांपुरतं राखीव आहे. म्हणूनच दख्खनच्या पठारावरच्या घायपातापासून आता भारतात जे मद्य बनतं, त्याला टकीला म्हणता येत नाही, 'अगावे स्पिरिट' म्हणतात. व्हॅम्पिरोला ते चालतं का? चालतं. मिरची-लिंबाच्या गर्दीत दोघांतला फरक ओळखायला बरीच तयार जीभ लागेल.

प्रकार कोणता? ब्लांको म्हणजे न मुरवलेली, पांढरी. रेपोसादो म्हणजे किमान दोन महिने लाकडी पिंपात राहिलेली. अन्येहो म्हणजे वर्षाहून जास्त मुरलेली. व्हॅम्पिरोसाठी ब्लांको घ्या. तिचा हिरवट, मिरीसारखा झणका मिरचीशी जुळतो. रेपोसादोही चालेल. अन्येहो यात ओतणं म्हणजे हापूसचं लोणचं घालण्यासारखं आहे.

महाराष्ट्रात राहत असाल तर एवढं लक्षात असू द्या की टकीलासारख्या कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि परवाना लागतो. गोव्यात ती अट २१ची.

दुसरी पायरी : सांग्रिता

खरं काम हेच. सांग्रिता जमली की पुढचं सगळं पाच मिनिटांचं. सहा छोट्या पेल्यांना किंवा पाच-सहा व्हॅम्पिरोंना पुरेल एवढं माप देतो :

संत्र्याचा ताजा रस २५० मिली (मध्यम आकाराची ४-५ संत्री)
डाळिंबाचा रस १०० मिली (एक मोठं डाळिंब)
लिंबाचा रस ६० मिली (रसाळ असतील तर ४ लिंबं)
ब्याडगी मिरच्या २
सुकी लवंगी मिरची १, सोसत असेल तरच
किसलेला कांदा १ छोटा चमचा
मीठ अर्धा छोटा चमचा

आधी मिरच्या. ब्याडगीचे देठ आणि बिया काढा, कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट फिरवा. मिरची फुगून खमंग वास सुटला की लगेच उतरवा. काळी पडली तर ती टाकून दुसरी घ्या, कारण जळकेपणा गाळणीने निघत नाही. मग गरम पाण्यात २० मिनिटं भिजत ठेवा. मेक्सिकोत इथे ग्वाहियो किंवा बारकी, तिखट आर्बोल मिरची घालतात. ग्वाहियोचं काम आपली ब्याडगी करते, म्हणजे रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा. आर्बोलची जागा लवंगीची. शेवटी दोन्हीकडच्या मिरच्या एकाच घरातून निघालेल्या. मिरची मूळची मेक्सिकोकडचीच, आपल्याकडे ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या वाटेने आली. 'चिली' हा शब्दही तिथल्या नाहुआत्ल भाषेतला आहे.

संत्री नागपुरी घ्या, मोसंबी नको. मोसंबीचा रस काढून ठेवला की तासाभरात कडू व्हायला लागतो आणि सांग्रिता तर मुरायला ठेवायची असते. मी पहिल्यांदा बाजारात मोसंबी स्वस्त दिसली म्हणून तीच आणली होती. पाहुण्यांनी सभ्यपणे अर्धे पेले ठेवून दिले. हालिस्कोत कित्येक जण आंबट-कडवट जातीचं संत्रं वापरतात. ते आपल्याला सहज मिळत नाही, म्हणून वरच्या मापात लिंबाचा हात सढळ ठेवला आहे. लिंबाच्या बाबतीत मात्र आपण नशीबवान. युरोपात कित्येकांना मेक्सिकन लिंबू शोधत फिरावं लागतं. ते लिंबू म्हणजे आपलं पातळ सालीचं कागदी लिंबूच. आशियातून स्पॅनिश लोकांच्या हाताने ते मेक्सिकोत पोहोचलं. मिरची तिकडून इकडे आली, लिंबू इकडून तिकडे गेलं, फिट्टंफाट.

डाळिंबाचे दाणे मिक्सरमध्ये दोन-तीनदा फक्त झटका देऊन फिरवा. सलग फिरवलंत तर आतल्या बिया दळल्या जाऊन रस तुरट होतो. मग गाळा. दाणे स्वच्छ फडक्यात बांधून पिळले तर रस आणखी चांगला निघतो, पण ओटा, हात आणि फडकं तिन्हीचा रंग बदलतो. बाजारात ग्रेनेडीन नावाचं लाल सिरप मिळतं. कागदोपत्री ते डाळिंबाचं, पण बहुतेक बाटल्यांत साखर आणि रंगच असतो. नकोच ते.

आता भिजलेल्या मिरच्या, कांदा, मीठ आणि संत्र्याचा थोडा रस मिक्सरमधून गुळगुळीत वाटून घ्या. उरलेला संत्र्याचा, डाळिंबाचा आणि लिंबाचा रस घालून ढवळा, बारीक गाळणीने गाळा. गाळल्यावर चाखा. या क्षणी ती जरा जास्तच आंबट आणि जरा जास्तच खारट लागायला हवी. पुढे बर्फ आणि सोडा येणार आहे. नुसती प्यायला अगदी बरोबर लागणारी सांग्रिता व्हॅम्पिरोत पाणचट होते. झाकून निदान दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, तोवर कांद्याचा उग्रपणा बसतो.

टोमॅटोवाल्यांनी संत्र्याचा रस १५० मिलीवर आणावा आणि १०० मिली टोमॅटोचा ताजा रस घालावा. वूस्टरशायर सॉसचे चार थेंबही शोभतात. मेक्सिकोत त्याला 'इंग्लिश सॉस' म्हणतात आणि बियरच्या तिखट पेयांत हटकून घालतात. मूळ कृतीत त्यात अँकोव्ही नावाचे छोटे मासे असतात, तेव्हा शाकाहारी मंडळींनी बाटलीवरचा हिरवा ठिपका पाहावा.

चाट मसाला किंवा काळं मीठ घालायचा मोह होईल. मलाही झाला. पण काळ्या मिठाचा गंधकाचा वास टकीलाच्या वासावर चढून बसतो आणि पेय थेट जलजिऱ्याच्या रांगेत जातं. साधं मीठ घ्या.

तिसरी पायरी : आधी नुसतंच पिऊन बघा

व्हॅम्पिरोकडे धावायच्या आधी एकदा 'बांदेरा' लावा. बांदेरा म्हणजे झेंडा. तीन छोटे पेले एका ओळीत : पहिल्यात लिंबाचा रस, दुसऱ्यात ब्लांको टकीला, तिसऱ्यात सांग्रिता. हिरवा, पांढरा, लाल, झाला मेक्सिकोचा तिरंगा. आपल्या कागदी लिंबाचा रस हिरवा कमी आणि पिवळट जास्त दिसतो, ते मनावर घेऊ नका.

तिन्हीतून आलटून-पालटून चिमुकले घोट घ्यायचे. टकीला तोंडात थोडी फिरवा, गिळा, मग सांग्रिता. हे एवढ्यासाठी करायचं की तुमची सांग्रिता तुमच्या बाटलीसोबत कशी वागते ते कळावं. सांग्रिता घेतल्यावर टकीला गोडसर वाटली तर जमलं. टकीलाची चवच पुसली गेली तर मिरची जास्त झाली. घसा नुसता जळत राहिला तर मीठ कमी आहे.

चौथी पायरी : ग्लासाची कड

दोन भाग मीठ, एक भाग लाल तिखट आणि लिंबाची सुकवून चुरलेली साल. मेक्सिकोत यासाठी ताहीन नावाची तयार पूड मिळते, तीही हालिस्कोतलीच. घरच्या मिश्रणात काश्मिरी किंवा ब्याडगीचं तिखट घ्या, कांदा-लसूण मसाला घेऊ नका, कारण त्यात तेल असतं आणि ते पेयावर तरंगतं. मीठ जाडसर हवं. बारीक मीठ ओल्या कडेवर लगेच विरघळतं.

ग्लासाच्या कडेला बाहेरूनच लिंबाची फोड फिरवा, तीही अर्ध्या कडेला. मग ग्लास आडवा धरून बशीतल्या मिश्रणावर फिरवा. उलटा करून दाबला तर मीठ आतल्या बाजूला लागतं आणि पेयात पडून ते खारट करतं. अर्धी कड कोरी ठेवल्याने पिणाऱ्याला हवं तेव्हा मीठ घेता येतं, नको तेव्हा टाळता येतं.

पाचवी पायरी : व्हॅम्पिरो

एका ग्लासाला लागेल : टकीला ६० मिली म्हणजे एक मोठा पेग, सांग्रिता ६० ते ७५ मिली, लिंबाचा रस १५ मिली, ग्रेपफ्रूटचा सोडा साधारण १०० मिली, चिमूटभर मीठ.

ग्रेपफ्रूटचा सोडा हीच एक अडचण. मेक्सिकोत स्क्वर्ट नावाचं पेय घालतात, ते आपल्याकडच्या कोपऱ्यावरच्या दुकानात दिसत नाही. यावर मला सुचलेला उपाय पपनसाचा. ग्रेपफ्रूट हा पपनस आणि संत्र्याच्या संकरातूनच झालेला आहे. गणपतीच्या सुमारास बाजारात पपनस येतात तेव्हा त्यांचा रस काढा. पांढरी साल आणि पापुद्रे पूर्ण काढा, कडूपणा तिथे असतो. ५० मिली रस, एक छोटा चमचा साखर विरघळवून, वर ५० मिली साधा सोडा. एरवी डब्यातला ग्रेपफ्रूट रस आणि सोडा निम्मे-निम्मे घ्या. तो गोड असतो, म्हणून साखर घालू नका. लिम्का ओतली तरी पेय होतं, पण गोडाकडे झुकतं, मग लिंबू वाढवा.

साधारण ३५० मिलीचा उंच ग्लास बर्फाने काठोकाठ भरा. बर्फ मोठ्या खड्यांचा घ्या, चुरा नको. कमी बर्फ घातला तर तो पटकन वितळतो आणि पेय लवकर पाणचट होतं, नवशिक्यांना हे उलटं वाटतं. बर्फावर मीठ, लिंबू, टकीला, मग सांग्रिता. इथे एकदा नीट ढवळा. सोडा सगळ्यात शेवटी, ग्लास तिरपा करून हळू ओता आणि तळापासून फक्त एकदा चमचा वर आणा. सोडा घालून शेकरमध्ये हलवणाऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंती मी पाहिल्या आहेत.

चमच्यावरून आठवलं. टकीला गावात ला कापिया नावाचा छोटा बार आहे. तिथले मालक हाविएर देल्गादो २०२० साली वारले. टकीला, कोला, लिंबू आणि मिठाची कड अशा 'बातांगा' या त्यांच्या पेयाची ख्याती जगभर झाली. ते ढवळायचे मात्र लांब सुरीने, जिने दिवसभर लिंबं आणि मिरच्या कापल्या जायच्या त्याच. घरी मी तेच करतो. मिरची चिरलेल्या सुरीचं टोक ग्लासात फिरवलं की जो किंचित झणका येतो, तो मोजून घालता येत नाही.

पहिला घोट घेऊन दुरुस्ती करा. चपटं लागतंय? मीठ घाला, टकीला नको. नाकात जास्त झोंबतंय? संत्र्याचा रस एक चमचा. सपक आणि गोड? लिंबू. तिखट कमी पडलं म्हणून वरून लाल तिखट भुरभुरवू नका, ते विरघळत नाही आणि शेवटच्या घोटाला घशात जाऊन ठसका लावतं.

तिखट वाढवायचं असेल तर

मिरचीतला तिखटपणा पाण्यात फारसा उतरत नाही, पण तेलात आणि दारूत झपाट्याने उतरतो. याचा फायदा घेता येतो. २०० मिली टकीलात एक हिरवी मिरची उभी चिरून टाका, पंधरा मिनिटांनी चाखा, मग दर दहा मिनिटांनी. हवी तेवढी झाली की मिरची काढा. बहुतेक वेळा तासाच्या आत काम होतं. मी एकदा चार मिरच्या घालून बाटली रात्रभर विसरलो. सकाळी बूच उघडलं तर नुसत्या वासाने शिंका सुरू झाल्या. ती बाटली पुढे कित्येक महिने एकेक चमचा करून संपवावी लागली.

गोव्यात हे आधीपासून ठाऊक आहे. उन्हाळ्यात काजूची उर्राक निघते तेव्हा ग्लासात लिम्का, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची टाकून देतात. मेक्सिकोची ओळखही न करून घेता तिथे जवळपास तोच हिशेब मांडला गेला. उर्राक पिणाऱ्याला व्हॅम्पिरो समजावून सांगावा लागत नाही.

आणखी थोडं

हालिस्कोतच मातीच्या बुटक्या भांड्यात संत्रं, लिंबू, ग्रेपफ्रूट आणि टकीला घालून 'कांतारितो' देतात. आपलं मातीचं कुल्हड घेतलंत तर ते आधी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर अर्धं पेय तेच पिऊन टाकेल. ब्लडी मेरीमध्ये व्होडकाऐवजी टकीला घातली की ब्लडी मारिया होते. टोमॅटोवाल्यांना ती जास्त आवडेल, पण तिचा चापालाच्या काठाशी संबंध नाही. न पिणाऱ्यांसाठी टकीला वगळून बाकी सगळं तसंच करा. ग्लासाची कड तर मुद्दाम लावा, म्हणजे त्यांच्या हातातला ग्लास उपरा दिसत नाही.

तिखट-आंबट चवीमुळे दारू किती गेली ते जिभेला कळत नाही. दोन ग्लास म्हणजे दोन मोठे पेग, हा हिशेब ओतणाऱ्याने ठेवायचा. गाडीची किल्ली आधीच बाजूला.

सांग्रिता उरली तर काचेच्या बाटलीत फ्रिजमध्ये दोन दिवस चांगली राहते, तिसऱ्या दिवशी संत्र्याचा वास उतरतो. तोवर काकडी, अननस आणि कैरी चिरा, वरून ती ओता, थोडं तिखट-मीठ भुरभुरवा. आणि ताटलीत तळाशी रस उरला, तर तो कसा प्यायचा ते तुम्हाला माहीत आहे.